मंडळीतल्या मुलांना विज्ञानाची वाट कशी दाखवावी

मी आठवडाभर भौतिकशास्त्र शिकवते आणि रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपासनेनंतर तरुण संघ घेते. दोन्हीकडची मुलं एकाच वयाची, प्रश्न मात्र वेगळे. वर्गात विचारतात, "हे परीक्षेला येईल का?" संघात एखादा मुलगा सगळे गेल्यावर, माझ्याबरोबर खुर्च्या उचलता उचलता विचारतो, "ताई, विज्ञानात फार पुढे गेलं तर विश्वास जातो का हो?"

हा प्रश्न तो एकटा विचारत नसतो. आईवडिलांच्या मनात तो असतो, पाळकसाहेबांच्या मनातही असतो, फक्त बोलून दाखवत नाहीत. म्हणून हे टिपण तरुण संघ चालवणाऱ्यांसाठी, शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी आणि ज्यांच्या घरी एखादं जिज्ञासू पोर आहे अशा आईवडिलांसाठी लिहिते आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. "विज्ञान आणि विश्वास" या विषयावर वक्ता बोलावून एक भाषण ठेवायचं, ही आपली नेहमीची पद्धत. भाषण चांगलं होतं, मुलं टाळ्या वाजवतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं काही उरत नाही. त्याऐवजी मुलांच्या हातात काम द्या. त्यांनी मंडळीच्याच माणसांबरोबर बसून काहीतरी पाहावं, मोजावं, लिहून ठेवावं आणि चुकलं तर पुन्हा करावं. हे ज्याने केलं त्याला विज्ञान परक्यांचं वाटत नाही. वादविवाद नंतर येतीलच, तेव्हा त्याच्याकडे सांगण्यासारखं स्वतःचं काहीतरी असेल.

सुरुवात आकाशापासून

गुरू ग्रह संध्याकाळी दिसत असेल असा महिना निवडा आणि लागोपाठ चार-पाच रात्री धरा. ७×५० किंवा १०×५० ची (सात किंवा दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) साधी, दोन्ही डोळ्यांनी पाहायची दुर्बीण पुरते. कोपर भिंतीवर किंवा खुर्चीच्या पाठीवर टेकवायला सांगा, नाहीतर हात हलतो आणि गुरूच्या चंद्रांचे ठिपके नाचू लागतात. प्रत्येकाला वही आणि पेन्सिल द्या. मध्ये गोल काढायचा, त्याच्या बाजूला जे ठिपके दिसतील ते जिथे दिसतील तिथेच मांडायचे, खाली तारीख, वेळ आणि आकाश किती स्वच्छ होतं ते लिहायचं. दिवसा दुर्बीण कपाटात कुलूपबंद ठेवा. चुकूनसुद्धा कोणी तिच्यातून सूर्याकडे पाहिलं तर डोळा कायमचा जाऊ शकतो.

आणखी एक नियम मी कडक पाळते. मोबाइलवरचं आकाशाचं अ‍ॅप शेवटच्या रात्रीपर्यंत उघडायचं नाही.

हा नियम का, ते एका मुलीमुळे मला नीट सांगता येतं. तिने वहीत तीन ठिपके काढले होते. शेजारच्या मुलाच्या वहीत चार होते. तिने तिकडे पाहिलं, पेन्सिल उचलली आणि चौथा ठिपका टेकवणार एवढ्यात मी विचारलं, "तुला दिसला का?"

"नाही. पण चार असतात ना, ताई?"

"तुला किती दिसले?"

"तीन."

"मग तीनच राहू दे."

मुलाला विचारलं, तर त्यालाही तीनच दिसले होते. गुरूचे चार मोठे चंद्र पुस्तकात वाचलेले, म्हणून चौथा त्याने आपल्या मनाने घातला होता. शेवटच्या रात्री अ‍ॅप उघडून त्या तारखेला, त्या वेळेला मागे गेलो, तेव्हा कळलं की आयो हा चंद्र तेव्हा गुरूच्या मागे होता. आयोची एक फेरी जेमतेम पावणेदोन दिवसांत पुरी होते, त्यामुळे तो असा वरचेवर लपतो. मग मी मुलांना सांगितलं की ७ जानेवारी १६१० च्या रात्री गॅलिलिओनेही गुरूजवळ तीनच ठिपके नोंदवले होते. चौथा त्याला १३ तारखेला दिसला. त्या मुलीचा चेहरा असा काही खुलला!

इथून मी केप्लरवर येते, आणि इथे अजिबात घाई करत नाही, कारण माझ्या मते तरुण संघात विज्ञानातली एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही.

योहानेस केप्लर ट्यूबिंगनच्या विद्यापीठात पाळक होण्यासाठी शिकत होता. १५९४ मध्ये, शिक्षण पुरं होण्याआधीच, त्याला ग्राट्सला गणिताचा शिक्षक म्हणून पाठवण्यात आलं. तो नाराज होता. वर्षभराने त्याने आपले गुरुजी मेस्टलिन यांना लिहिलं की मला धर्मशास्त्री व्हायचं होतं, बराच काळ मी अस्वस्थ होतो, पण आता पाहा, माझ्या कामातून खगोलशास्त्रातही देवाचा महिमा होतो आहे. पुढे टायको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं केलेली मंगळाची निरीक्षणं त्याच्या हाती आली. ब्राहेकडे दुर्बीण नव्हती, तरी त्याची मोजमापं एक-दोन कलांपर्यंत अचूक असत. एका अंशाच्या साठ कला होतात, आणि पूर्ण चंद्राची रुंदी साधारण ३० कला भरते. केप्लरने वर्तुळाकार कक्षा धरून अफाट आकडेमोड केली आणि गणित जवळजवळ जुळवत आणलं. फरक उरला फक्त ८ कलांचा, म्हणजे चंद्राच्या पाव रुंदीएवढा.

हा फरक ब्राहेच्या माथी मारून मोकळं होता आलं असतं. त्याच्या आधीच्या कोणीही तसंच केलं असतं. केप्लरने मात्र लिहिलं की देवाच्या कृपेने आपल्याला ब्राहेसारखा काटेकोर निरीक्षक मिळाला आहे, तेव्हा ही देणगी कृतज्ञतेने ओळखली पाहिजे आणि तिचा मान राखला पाहिजे. मान राखायचा म्हणजे काय, तर वर्षांची मेहनत बाजूला सारायची. वर्तुळ गेलं. मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार आहे हे त्याने १६०९ मध्ये छापून मांडलं.

त्या रात्री आम्ही बायबलमधल्या नीतिसूत्रांचा अकरावा अध्याय उघडतो. पहिलंच वचन खोट्या तागडीबद्दल आहे. बाजारातल्या मापातल्या पापाबद्दल म्हणून मुलांनी ते लहानपणापासून ऐकलेलं असतं. वहीतल्या चौथ्या ठिपक्याच्या संदर्भात ते पहिल्यांदाच ऐकतात. प्रयोगशाळेत गेल्यावर आकडा "थोडासा" सरकवायचा मोह प्रत्येकाला होतो. मार्गदर्शकाला हवं ते उत्तर, किंवा छापून यायला सोपं असं उत्तर डोळ्यांसमोर असतं. अशा वेळी हे वचन आठवावं, एवढी माझी प्रार्थना असते.

ढग आले तर दोन नाणी

आकाशाचा भरवसा नसतो, म्हणून एक घरात बसून करायचा प्रयोग हाताशी ठेवा. जोड्या पाडा, प्रत्येक जोडीला दोन नाणी द्या, आणि ती एकत्र चाळीस वेळा उडवायला सांगा. निदान एक छाप पडली तर "गोल", दोन्ही काटे पडले तर "सुरकुतलेला". हिशोबाने ३० गोल आणि १० सुरकुतलेले यायला हवेत. कोणाचे २६ आणि १४ येतात, कोणाचे ३३ आणि ७. मुलं लगेच म्हणतात, आमचं चुकलं. सगळ्यांच्या बेरजा फळ्यावर एकत्र करा. गुणोत्तर तीनास एकच्या जवळ सरकताना त्यांना दिसेल.

मग आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या ग्रेगोर मेंडेलचे आकडे लिहा (वाटाण्याला दोन्ही पालकरोपांकडून एकेक गुण मिळतो, तशी ही दोन नाणी): ५४७४ गोल वाटाणे, १८५० सुरकुतलेले. गुणोत्तर २.९६. बरोबर तीन त्यालाही मिळालं नाही, आणि त्याने जे मिळालं तेच लिहिलं. मेंडेल ब्रनोच्या मठातला ऑगस्टिनियन संन्यासी. शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत तो नापास झालेला होता. १८५६ पासून आठ हंगाम मठाच्या बागेत त्याने २८,००० च्या आसपास रोपं वाढवली, १८६६ मध्ये निबंध छापला, आणि त्याचं मोल जगाला कळलं १९०० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. परीक्षेत आपटी खाल्लेल्या मुलांना हे जरूर सांगा, पण उपदेशाचा सूर न लावता.

ज्यांना आणखी हवं असेल त्यांना झूनिव्हर्स या संकेतस्थळावर नाव नोंदवायला लावा. तिथे आकाशगंगांचे फोटो वर्गवारीने लावणं, कॅमेऱ्यात टिपलेले प्राणी ओळखणं अशी खरी संशोधनाची कामं कोणालाही फुकट करता येतात. २००७ मध्ये गॅलेक्सी झू या प्रकल्पात हानी फान आर्केल या डच शाळाशिक्षिकेला एका आकाशगंगेजवळ एक विचित्र प्रकाशमान ढग दिसला. तिच्याआधी कोणाच्या लक्षात तो आला नव्हता, आणि आज तो तिच्याच नावाने ओळखला जातो.

अवघड प्रश्न तुम्हीच काढा

गॅलिलिओचं प्रकरण मुलांना बाहेरून, कुत्सितपणे सांगितलेलं ऐकावं लागण्याआधी तुम्ही सांगा, आणि पूर्ण सांगा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मतावरून १६३३ मध्ये रोममधल्या धर्मन्यायालयाने त्याला दोषी ठरवलं, मत मागे घ्यायला लावलं, आणि १६४२ मध्ये मरेपर्यंत तो स्वतःच्या घरात नजरकैदेत राहिला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये त्या न्यायाधीशांची चूक जाहीरपणे मान्य केली. गॅलिलिओ स्वतः शेवटपर्यंत विश्वासणारा होता, हेही सांगा. "तेव्हाचं राजकारण होतं" म्हणून झटकून टाकू नका. आपल्या माणसांनी केलेला अन्याय आपण सरळ कबूल करतो हे मुलांनी पाहिलं, तर तुमच्या पुढच्या शब्दावर ती विश्वास ठेवतील.

उत्पत्तीचा पहिला अध्याय आणि उत्क्रांती, हा प्रश्न येणारच. मी माझं मत लपवत नाही. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं आणि विश्वाचं सुमारे १,३८० कोटी वर्षं, हे मी वर्गात शिकवते आणि मानते. उत्क्रांतीही मानते, आणि हे सगळं देवाचं काम आहे असंही मानते. मंडळीत सगळे असं मानत नाहीत, तेही मी सांगते, आणि त्यांची खिल्ली उडवू देत नाही. ऑगस्टिनसारख्या मंडळीच्या थोर शिक्षकाला सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच निर्मितीचे सहा दिवस आपल्या चोवीस तासांच्या दिवसांसारखे वाटत नव्हते. त्याने बजावून ठेवलं होतं की आकाश, तारे, प्राणी, वनस्पती यांबद्दल जाणकार माणसासमोर पवित्र शास्त्राचा हवाला देऊन काहीतरी चुकीचं ठासून बोलू नका, नाहीतर तुमच्या पुनरुत्थानाच्या साक्षीवर तो कसा विश्वास ठेवील? डार्विनचा अमेरिकेतला खंदा समर्थक वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे हा श्रद्धाळू ख्रिस्ती होता. मतभेद किती जुने आहेत आणि ते बाळगूनही माणसं एकाच मेजावर बसत आली आहेत, हे मुलांना कळू द्या.

तुमचं मत माझ्याहून वेगळं असेल तरी एक करा. उत्क्रांतीचा सिद्धान्त तो मानणारा जीवशास्त्रज्ञ जसा मांडेल तसा मुलांना समजू द्या. त्याचं बुजगावणं करून पाडलंत, तर महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी मुलाला कळतं की ताईंनी किंवा दादांनी आपल्याला अर्धवट सांगितलं होतं. मग तो बाकीच्या शिकवणीकडेही संशयाने पाहू लागतो. आणि "एक काहीतरी निवड, विज्ञान नाहीतर प्रभू" हे वाक्य कोणाच्याही तोंडून निघू देऊ नका. पंधरा वर्षांच्या पोरावर असं ओझं टाकण्याचा आपल्याला अधिकार नाही.

उलट बाजूचा मोहही टाळायला हवा. एखादा नवा शोध लागला की आपल्याकडे लगेच फिरू लागतं: "विज्ञानाने बायबल सिद्ध केलं!" यावर माझ्याकडे जॉर्ज लमेत्र यांची गोष्ट आहे. हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. विश्व प्रसरण पावतं आहे असं त्यांनी १९२७ मध्ये सापेक्षता सिद्धान्तावरून मांडलं आणि १९३१ मध्ये त्याच्या आरंभाची कल्पना सुचवली, जिला आज आपण महास्फोट म्हणतो. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी एका भाषणात या आरंभाचा संबंध "प्रकाश होवो" या आज्ञेशी जोडला, तेव्हा सगळ्यात जास्त अस्वस्थ झाले ते लमेत्रच. त्यांचं म्हणणं, हा सिद्धान्त भौतिकशास्त्राचा आहे, तो निरीक्षणांवर टिकेल नाहीतर पडेल, त्यावर देवावरचा विश्वास टांगू नये. रोज प्रार्थना करणारा धर्मगुरू हे म्हणतो आहे, याकडे मुलांचं लक्ष वेधा. विश्वाच्या आरंभाच्या काळातल्या प्रारणाचा पुरावा मिळाल्याची बातमी त्यांना १९६६ मध्ये मृत्यूच्या थोडं आधी कळली.

असा एखादा संदेश तुमच्या ग्रुपवर आला की लगेच पुढे पाठवू नका. दोन मुलांना तो तपासायला द्या. मूळ संशोधन कुठे छापलं, कोणी केलं, त्यात खरोखर काय म्हटलंय, हे आठवड्याभरात शोधून संघात सांगायचं. माझ्या अनुभवात मुलांना हे काम फार आवडतं.

माणूस भेटू द्या

विज्ञानात काम करणारं जिवंत माणूस भेटलं पाहिजे. आपल्याला वाटतं, मोठा शास्त्रज्ञ कुठून आणायचा? मोठा नकोच आहे. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करणारी बाई, हवामान खात्यातला निरीक्षक, मातीचे नमुने तपासणारा कृषी अधिकारी, विमा कंपनीतला संख्याशास्त्रज्ञ, संशोधन करणारा विद्यार्थी, यांतलं कोणीतरी मंडळीत किंवा ओळखीत असतंच. पाहुणा ख्रिस्तीच हवा असा हट्ट धरू नका. आपल्या मुलांना चांगलं विज्ञान चांगल्या माणसाकडून कळावं, हा हेतू.

त्यांना साक्ष द्यायला लावू नका आणि देव आहे हे सिद्ध करायलाही सांगू नका. मुलांना आधीच प्रश्न लिहून आणायला सांगा. मी काही प्रश्न मुद्दाम पेरते: गेल्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही काय काय केलंत? काय फसलं? फसल्यावर कोणाला सांगितलंत? तुमच्या कामात कंटाळवाणं काय आहे? पगारात घर चालतं का? शक्य असेल तर कामातली एखादी वस्तू आणायला सांगा, मायक्रोपिपेट किंवा पर्जन्यमापक काहीही चालेल, आणि ती मुलांच्या हातात जाऊ द्या.

पाळकसाहेबांना आग्रहाने पहिल्या रांगेत बसवा आणि त्यांनी निदान एक खराखुरा प्रश्न विचारावा अशी विनंती करा. ज्यांचं बोलणं मुलं दर रविवारी ऐकतात, त्यांना ठाऊक नसलेलं काहीतरी ते कुतूहलाने विचारताहेत, हे दृश्य माझ्या तासाभराच्या बोलण्याहून जास्त काम करतं.

आपल्या काळातल्या शास्त्रज्ञांची नावंही सांगा, नाहीतर मुलांना वाटतं की श्रद्धावान शास्त्रज्ञ सगळे जुन्या काळातले. माणसाच्या जनुकसंचाची सुमारे ३०० कोटी अक्षरं वाचण्याचा प्रकल्प २००३ मध्ये पुरा झाला, त्याचे प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स तरुणपणी नास्तिक होते, डॉक्टरकीच्या काळात ख्रिस्ती झाले. लेसरच्या साहाय्याने अणू थंड करण्यासाठी १९९७ चं नोबेल मिळालेले विल्यम फिलिप्स मेथडिस्ट आहेत. हवामान बदलावर काम करणाऱ्या कॅथरीन हेहो आपली श्रद्धा उघडपणे सांगतात.

मुलींसाठी मी जोसेलिन बेल बर्नेल यांच्यावर थांबते. त्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या. केंब्रिजमध्ये संशोधनाला आल्या तेव्हा त्यांना सतत वाटे की आपली चुकून निवड झाली आहे आणि कधीतरी आपल्याला घालवून देतील. त्यावर त्यांनी ठरवलं, घालवेपर्यंत जीव ओतून काम करायचं. रेडिओ दुर्बिणीतून रोज सुमारे तीस मीटर कागदाची पट्टी निघे आणि त्या ती डोळ्यांखालून घालत. १९६७ मध्ये त्या पट्टीवर जेमतेम बोटभर जागेत एक खूण दिसली जी ताऱ्याची वाटत नव्हती आणि माणसाने केलेल्या गोंगाटाचीही नाही. दर १.३ सेकंदांनी येणारा तो ठोका म्हणजे पहिला पल्सार, ठरावीक वेळाने रेडिओ ठोके देणारा फिरता तारा. १९७४ चं नोबेल त्यांच्या मार्गदर्शकाला मिळालं, त्यांना नाही. २०१८ मध्ये त्यांना ३० लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं, तेव्हा त्यांनी ती सगळी रक्कम भौतिकशास्त्रात ज्यांना सहसा संधी मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठी देऊन टाकली. "आपल्याला जमणार नाही" म्हणणाऱ्या मुलीला मी इतकंच सांगते: ती भीती त्यांनाही होती, आणि त्या भीतीनेच त्यांना बारकाईने पाहायला शिकवलं.

करिअरचं बोलणं

आईवडिलांना दोनच पाट्या दिसतात, डॉक्टर आणि इंजिनिअर. त्यांना दोष देत नाही, पण यादी वाढवणं आपलं काम आहे. कर्करोगाच्या रुग्णाला किरणोत्साराची मात्रा किती द्यायची हे ठरवणारा वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ, साथीचा माग काढणारा, भूकंपमापकांच्या नोंदी वाचणारा, कीटकांचा अभ्यास करणारा, प्रयोगशाळेसाठी उपकरणं बनवणारा कारागीर, वजन-मापांची प्रमाणं सांभाळणारा. ज्याचा हात चांगला चालतो पण पुस्तकी अभ्यास जड जातो, त्याने तंत्रज्ञ व्हावं. चांगल्या तंत्रज्ञावाचून मोठमोठ्या प्रयोगशाळा अडून बसतात. मायकेल फॅरेडे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार. बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला आणि १८१३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत साहाय्यक म्हणून लागला. पुढे विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधणारा हा माणूस आपल्या छोट्याशा मंडळीत वडील (एल्डर) म्हणून सेवा करत असे.

सेवेची ओढ असलेल्या मुलांना वाटतं की सेवा म्हणजे सुवार्ताकार्य किंवा फार तर दवाखाना. त्यांना डॉ. पॉल ब्रँड यांच्याबद्दल सांगा. ते १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. कुष्ठरोगात बोटं सडून गळतात अशी सर्वांची समजूत. एकदा गंजलेल्या कुलपातली किल्ली त्यांना फिरेना, ती एका कुष्ठरोगी मुलाने जोर लावून फिरवली. त्याचं बोट हाडापर्यंत कापलं गेलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. ब्रँड यांनी रुग्णांच्या जखमांच्या नोंदी चिकाटीने ठेवल्या आणि दाखवून दिलं की वेदना कळत नसल्यामुळे होणाऱ्या रोजच्या इजांनी बोटं झिजतात. त्यामुळे उपचारांची दिशा बदलली: स्नायूबंध जोडून हात पुन्हा चालते करायचे, पायांना मऊ तळव्याची पादत्राणं द्यायची. करुणा तर त्यांच्याआधीच्या कित्येकांकडे होती. इथे तिच्या जोडीला निरीक्षण आलं.

मुलाला विषय आवडू लागला की त्याला एखाद्या संशोधकाला पत्र लिहायला शिकवा. आठ-दहा ओळी पुरेत. मी कोण, कुठल्या वर्गात. तुमच्या कामातलं अमुक मी वाचलं. त्यातलं हे मला कळलं नाही, एकच नेमका प्रश्न. तुमची प्रयोगशाळा पाहायला येता येईल का. गुणपत्रिका जोडायची नाही, "आपण थोर आहात" लिहायचं नाही. दहा पत्रांना एक उत्तर आलं तरी पुष्कळ, हे आधीच सांगून ठेवा.

आणि आईवडिलांशी खरं बोला. संशोधनाची वाट लांब आहे, पीएचडीला पाच-सहा वर्षं सहज जातात, त्यानंतरही काही वर्षं तात्पुरत्या जागांवर काढावी लागतात. शिष्यवृत्ती असते, पण मित्रमंडळी कमावू लागलेली असतात. हे सगळं माहीत असून मुलाचं मन तिकडेच धावत असेल तर त्याला अडवू नका. धर्मशास्त्र शिकायला निघालेल्याला आपण वेदीपुढे बोलावून प्रार्थना करतो. रसायनशास्त्र शिकायला निघालेल्या मुलीलाही तसंच बोलावा. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या जुन्या दारावर १११ व्या स्तोत्राचं दुसरं वचन कोरलेलं आहे, परमेश्वराची कृत्ये थोर आहेत आणि ज्यांना ती आवडतात ते त्यांचा शोध घेतात, अशा अर्थाचं. ती प्रयोगशाळा १८७४ मध्ये उघडली तेव्हाचे प्रमुख जेम्स क्लार्क मॅक्सवेल. अशा प्रार्थनेच्या वेळी आम्ही तेच वचन वाचतो.

मूल दूर गेल्यावर

महाविद्यालयात गेलेल्या मुलाला पहिला फोन केल्यावर "उपासनेला जातोस ना?" हा पहिला प्रश्न नको. आधी विचारा, सध्या काय शिकतोस, प्रयोगात काय चाललंय. ऐका, कळलं नाही तर पुन्हा विचारा. कोणाचा विश्वास डळमळला तर विज्ञानाला शिव्या देऊ नका; बहुतेक वेळा एकटेपणा, एखादं दुःख, किंवा मंडळीतल्याच कोणाचं टोचणारं बोलणं त्यामागे असतं.

त्यांच्याकडून प्रार्थना-विनंत्या मागवा, आणि त्या कामाबद्दलच्या असल्या तरी उपासनेत वाचा. आमच्या एका मुलीने लिहून पाठवलं होतं: "माझं पीसीआर सारखं फसतंय, प्रार्थना करा." पाळकसाहेबांनी ते जसंच्या तसं वाचलं. उपासना संपल्यावर एका मावशींनी मला गाठलं, "अगं, पोरीला झालंय तरी काय?" त्यांना आजार वाटला होता! डीएनएच्या बारीकशा तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची ती एक पद्धत आहे, आणि तिच्या प्रती निघत नाहीयेत, असं मी सांगितलं. पुढच्या रविवारी मावशींचा पहिला प्रश्न तोच होता. तेव्हापासून अशी विनंती आली की दोन ओळींत तिचा अर्थ सांगून मगच आम्ही ती वाचतो, आणि पुढे काय झालं ते पुढच्या आठवड्यात कळवतो, फसलं असेल तरीही.